धंद्यात पार्टनर घेताय? टक्क्यांआधी सही कोणाची ते ठरवा

पार्टनरशिपची बोलणी सुरू झाली की पहिला विषय निघतो टक्क्यांचा. साठ-चाळीस की सत्तर-तीस? यावर महिनाभर घासाघीस चालते आणि साठ टक्के आपल्या पदरात पडले की धंदा आपल्याच हातात राहिला असं समजून माणूस निर्धास्त होतो. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ मात्र तसं म्हणत नाही. कलम १२ नुसार रोजच्या कारभारातले मतभेद भागीदारांच्या बहुमतानं सुटतात आणि हे बहुमत डोकी मोजून ठरतं. तुम्ही ऐंशी टक्क्यांचे धनी आणि बाकी दोघे दहा-दहा टक्क्यांचे असाल, तरी मोजणी दोनास एक. दोघेच असाल तर एकास एक, म्हणजे घोडं तिथंच पेंड खाणार.

कलम १३ आणखी पुढे जातं. डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या लेखी करारात, काही लिहिलं नसेल तर नफा-तोटा समसमान वाटायचा. राबणाऱ्या भागीदाराला पगार नाही. भांडवलावर व्याजही नाही. सुदैवानं यातल्या बहुतेक नियमांची सुरुवातच ‘भागीदारांमधील कराराच्या अधीन राहून’ अशी होते. म्हणजे तुम्ही लिहून ठेवाल ते चालतं. जे लिहायचं राहिलं, तिथं कायदा स्वतःचं घालतो. सगळा खेळ त्या राहिलेल्या जागांचा आहे.

समजायला सोपं पडावं म्हणून एक धंदा डोळ्यासमोर ठेवू. समजा, सांगलीकडच्या एक ताई कांदा-लसूण मसाला करतात. स्वतःचं डंकन (मसाला कांडायचं यंत्र) आहे, चार बायका कामाला आहेत, आजूबाजूच्या तालुक्यांत पन्नासेक दुकानांतून माल जातो. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीचं प्रमाण त्यांच्या हातातलं आहे. आता थोरल्या बहिणीचे यजमान, दाजी, सहा लाख रुपये घालायला तयार आहेत.

पायरी १ : पार्टनर खरंच हवा आहे का?

दाजींकडून नेमकं काय हवंय, हे आधी कागदावर लिहा. पैसे, हात, की ओळखी?

फक्त पैसे हवे असतील तर कर्ज घ्या. बँकेचं घ्या, मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंत मिळतं (‘तरुण’ गटातलं कर्ज घेऊन नीट फेडलेल्यांना वीस लाखांपर्यंत), नाहीतर दाजींकडूनच लेखी करारावर, ठरलेल्या व्याजानं, खात्यातून खात्यात. कर्ज फिटलं की कर्ज देणारा निघून जातो. पार्टनर जात नाही.

हात हवे असतील तर पगारावर माणूस ठेवा आणि वर नफ्यातला हिस्सा द्या. नफ्यात वाटा दिला की तो माणूस आपोआप पार्टनर होतो, असा एक गैरसमज आहे. कलम ६ स्पष्ट सांगतं, की धनकोला किंवा नोकराला नफ्यातून काही दिलं, एवढ्यावरून तो भागीदार ठरत नाही. फक्त कागदावर ‘पगाराव्यतिरिक्त नफ्याच्या दहा टक्के बक्षिसी’ असं साफ लिहा आणि ‘आमचे पार्टनर’ म्हणून चारचौघांत ओळख करून देऊ नका. कलम २८ प्रमाणे त्या ओळखीवर विसंबून कोणी उधारी दिली, तर ‘तसा अर्थ नव्हता’ हे नंतर चालत नाही.

पैसे, हात, जबाबदारी हे सगळंच एकाच माणसाकडून हवं असेल, तरच पुढे वाचा.

पायरी २ : आपल्या धंद्याची किंमत आधी काढा

इथं गरीब बिचारी ताई सगळ्यात जास्त गमावते, आणि तेही न भांडता. वह्यांत यंत्रं चार लाखांची, माल दोन लाखांचा. एकूण सहा. दाजींचे रोख सहा. ‘म्हणजे निम्मं-निम्मं झालं की!’ गेली कित्येक वर्षं दुकानदारांच्या पायऱ्या झिजवून जे नाव झालं, त्याची किंमत शून्य धरली गेली.

हिशेब असा करा. गेल्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी काढा. समजा सहा लाख. त्यातून ताईंच्या स्वतःच्या कामाचा पगार वजा करा, म्हणजे तेच काम करायला बाहेरचा माणूस ठेवला तर जे द्यावे लागतील ते, समजा तीन लाख. उरलेले तीन लाख ही धंद्याच्या नावाची कमाई. तिची दोन वर्षं धरली तर गुडविल सहा लाख. आता ताईंचे झाले चार, दोन आणि सहा, मिळून बारा. दाजींचे सहा. एकूण अठरा लाखांत दाजींचा वाटा एक तृतीयांश. दोन वर्षं धरायची की तीन, यावर वाद घाला, जरूर घाला. पण तो वाद आज घाला. हीच रीत डीडमध्ये लिहून ठेवायची आहे, कारण उद्या कोणी बाहेर पडेल तेव्हा हाच गुणाकार लागणार.

पायरी ३ : फर्मच्या बाहेर काय ठेवायचं

ताबा ठेवण्याचा सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे काही गोष्टी फर्ममध्ये आणायच्याच नाहीत. कलम १४ प्रमाणे भांडवल म्हणून जे आत आलं ते फर्मचं झालं. सर्वोच्च न्यायालयानं १९६६ च्या अद्दंकी नारायणप्पा प्रकरणात हे स्पष्ट केलं: आत आणलेल्या मालमत्तेवर आणणाऱ्याचा एकट्याचा हक्क राहत नाही, फर्म चालू आहे तोवर त्याला फक्त नफ्यातला वाटा, आणि शेवटी देणी भागवून उरेल त्यातला हिस्सा. ‘माझं डंकन मी घेऊन जाते’ असं मग म्हणता येत नाही.

नाव, म्हणजे ब्रँड, पहिल्यांदा वाचवा. डीडच्या आधी, स्वतःच्या वैयक्तिक नावावर ट्रेडमार्कचा अर्ज करा. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. ही फी स्वतःच्या खात्यातून भरा. फर्मच्या पैशातून जे घेतलं जातं ते फर्मचं, असंच कायदा धरून चालतो. या साडेचार हजारांवरून उद्या ब्रँड कोणाचा याची चर्चा नको. मग फर्मला नाव वापरण्याची लेखी परवानगी द्या (इथून पुढे भागीदार क्र. १ म्हणजे ताई, क्र. २ म्हणजे दाजी):

‘भागीदार क्र. १ यांच्या मालकीचे बोधचिन्ह व नाव वापरण्याचा परवाना फर्मला, भागीदार क्र. १ या फर्ममध्ये असेपर्यंतच, देण्यात येत आहे. फर्म संपुष्टात आल्यास किंवा भागीदार क्र. १ निवृत्त झाल्यास हा परवाना त्याच दिवशी संपेल.’

ब्रँड असा बाहेर ठेवलात, तर गुडविलपोटी घेतलेल्या सहा लाखांचं काय, हे दाजी विचारतील आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. दोन्हीकडून खाता येत नाही. एक तर नाव फर्ममध्ये आणून वाटा वाढवून घ्या, नाहीतर नाव स्वतःकडे ठेवून वाटा थोडा कमी घ्या. माझं मत विचाराल तर दुसरं. टक्के पुढे पुन्हा बोलून वाढवता येतात, गेलेलं नाव परत मिळत नाही.

जागा आणि यंत्रं भाड्यानं द्या. जागा तर भांडवल म्हणून आणूच नका: महाराष्ट्रात अशा वेळी तिच्यावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क लागतं, ते वेगळंच. मसाल्याचं प्रमाण डीडमध्ये लिहू नका. खडा मसाला स्वतः भाजून, एकत्र करून कांडपाला द्यायची सवय असेल तर ती मोडू नका.

आता बारीक पण रोज लागणाऱ्या गोष्टी. ऑर्डरी येतात तो व्हॉट्सॲपचा नंबर कोणाच्या नावावरच्या सिमवर आहे? इन्स्टाग्रामचं खातं, गूगल मॅपवरची दुकानाची नोंद, वेबसाइटचं नाव कोणाच्या ईमेलवर आहे? हे सगळं डीड होण्याआधी स्वतःच्या नंबरवर आणि ईमेलवर करून घ्या आणि डीडच्या परिशिष्टात यादी जोडा.

पायरी ४ : निर्णय कोणाचा

पहिलं कलम हे असू द्या:

‘फर्मचा दैनंदिन कारभार भागीदार क्र. १ या पाहतील. कारभाराविषयी मतभेद झाल्यास, नफ्याचे प्रमाण अथवा भागीदारांची संख्या काहीही असली तरी, भागीदार क्र. १ यांचा निर्णय अंतिम राहील.’

‘भागीदारांची संख्या काहीही असली तरी’ हे शब्द गाळू नका. डोकी मोजण्याचा नियम त्यांनीच बाजूला सरतो.

याच्यापाठोपाठ दाजींच्या संमतीशिवाय करायच्या नाहीत अशा गोष्टींची छोटी यादी द्या: ठरलेल्या रकमेच्या वरचं कर्ज, फर्मच्या नावानं दुसऱ्याला जामीन, नवा भागीदार, धंद्याचं स्वरूप बदलणं. शेवटच्या दोन गोष्टींना कायद्यातही सगळ्यांची संमती लागतेच. ही यादी औदार्य म्हणून द्यायची नाही. ज्याचे सहा लाख अडकलेत त्याला कुठंच तोंड नसेल, तर तो कोर्टात तोंड उघडेल; न्याय्य कारण दाखवून फर्म बरखास्त करा, असं मागायची सोय कलम ४४ मध्ये आहे. वह्या पाहण्याचा त्यांचा हक्कही कापू नका. खरे हिशेब देणं हे कलम ९ प्रमाणे तुमचं कर्तव्य आहे आणि हिशेब उघडे असले की निम्मे संशय जन्मालाच येत नाहीत.

एक गोष्ट मात्र डीडनं होत नाही. दाजींनी बाजार समितीतल्या व्यापाऱ्याकडून फर्मच्या नावानं तीन लाखांची मिरची उचलली आणि ‘एकट्याला खरेदीचा अधिकार नाही’ असं तुमच्या डीडमध्ये असलं, तरी त्या व्यापाऱ्याला ते माहीत नसेल तर कलम २० प्रमाणे पैसे द्यावे लागतात. आणि कलम २५ प्रमाणे ते एकट्या तुमच्याकडून, पूर्णच्या पूर्ण वसूल करता येतात. मग दाजींचा वाटा दहा टक्के असो वा एक. म्हणून डीड झाल्याच्या आठवड्यात सगळ्या पुरवठादारांना फर्मच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र द्या: अमुक रकमेवरची खरेदी भागीदार क्र. १ यांच्या सहीच्या ऑर्डरशिवाय फर्मवर बंधनकारक नाही. पोच घ्या. मेसेज केला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

हा जबाबदारीचा भार नको असेल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, हा मार्ग आहे, २००८ च्या कायद्यानं आलेला. तिथं एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याचं घरदार जात नाही; अर्थात बँक कर्ज देताना वैयक्तिक जामीन मागते, तिथं सवलत संपते. पण लक्षात ठेवा, एलएलपीतही करारात वेगळं नसेल तर डोकी मोजूनच बहुमत आणि समान वाटणी. टक्क्यांनाच मत असावं असं वाटत असेल, तर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. तिथं निम्म्याहून जास्त शेअर्सवर साधे ठराव होतात आणि विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात. मसाल्याच्या एवढ्या धंद्याला कंपनीचे सोपस्कार झेपतील का, हे आपल्या सीएला विचारा.

पायरी ५ : पैशाच्या किल्ल्या

डीड वर्षातून एकदा उघडलं जातं, बँकेचं ॲप दिवसातून दहादा. त्यामुळे खातं उघडताना बँकेच्या फॉर्मवर ‘कोणीही एक’ असं लिहिलं की डीडमधली सगळी शहाणपणं तिथंच संपली. तिथं लिहा: ठरलेल्या रकमेपर्यंत भागीदार क्र. १ एकट्या, त्यावर दोघांची सही. नेट बँकिंगमध्ये एकानं व्यवहार टाकायचा आणि दुसऱ्यानं मंजूर करायचा अशी सोय असते, ती मागून घ्या.

काउंटरवरचा क्यूआर कोड कोणत्या खात्याला जोडलाय ते बघा. जुना, ताईंच्या बचत खात्याचा कोड महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि मग दाजी म्हणतात, गल्ला परस्पर जातोय. त्यांचंही चुकत नाही. जीएसटीच्या पोर्टलवर ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो तुमचा असू द्या.

पायरी ६ : पगार, उचल, वाटा

रोज आठ तास डंकनाशी उभं राहणाऱ्या माणसाचा पगार डीडमध्ये आकड्यानं किंवा रीतीनं लिहिलेला नसेल, तर कायद्यानं तो मिळत नाही आणि आयकरात खर्च म्हणूनही धरला जात नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षापासूनची मर्यादा अशी: पुस्तकी नफ्याच्या (भागीदारांचा पगार वजा करण्याआधीच्या नफ्याच्या) पहिल्या सहा लाखांवर तीन लाख किंवा ९० टक्के यांतली मोठी रक्कम, त्यावरच्या नफ्यावर ६० टक्के. नऊ लाख पुस्तकी नफा असेल तर पहिल्या सहांचे ५.४० लाख आणि उरलेल्या तिनांचे १.८० लाख, म्हणजे सगळ्या भागीदारांचा मिळून ७.२० लाखांपर्यंत पगार वजा होऊ शकतो. भांडवलावरचं व्याज १२ टक्क्यांपर्यंत. एप्रिल २०२५ पासून भागीदाराला पगार-व्याज मिळून वर्षाला २०,००० रुपयांहून जास्त दिले, तर फर्मला १० टक्के टीडीएस कापावा लागतो; हे पुष्कळ छोट्या फर्मना नोटीस आल्यावर कळतं.

उचलीची मासिक मर्यादा लिहा. घरात लग्न निघालं की गल्ल्यातून हात घातला जातो, दोघांच्याही.

पायरी ७ : बाहेर पडण्याचं दार

हा भाग लिहायला सगळ्यांना जड जातं. ‘सुरुवातीलाच तुटायच्या गोष्टी कशाला?’ असं कोणीतरी म्हणणारच. दाजींपुढे विषय काढायचा तर असा काढा: “दाजी, उद्या मला काही झालं तर तुमचे सहा लाख माझ्या पोरांकडून कसे सुटतील, तेवढं लिहून ठेवूया.” त्यांचं भलं पुढे ठेवलं की पेन लवकर उचललं जातं. आणि ते खोटंही नाही.

डीडमध्ये मुदत किंवा ती कशी संपेल हे काहीच नसेल, तर ती मर्जीनुसार चालणारी भागीदारी ठरते आणि कोणीही भागीदार बाकीच्यांना लेखी नोटीस देऊन फर्म मोडू शकतो. ऐन मिरचीच्या हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, अशी नोटीस आली तर काय होईल ते सांगायला नको. पाच वर्षांची मुदत घाला, मध्येच निघायचं तर सहा महिन्यांची नोटीस, आणि हंगामाचे महिने वगळा.

दोघांच्याच फर्ममध्ये एक खाचखळगा असतो, तो तयार नमुन्याच्या डीडमध्ये हमखास दुर्लक्षिलेला दिसतो. ‘एका भागीदाराच्या निवृत्तीनं किंवा मृत्यूनं फर्म बरखास्त होणार नाही’ हे वाक्य तिथं छापलेलं असतं. पण भागीदारीला किमान दोन माणसं लागतात. एक गेला की फर्मच उरत नाही, वाक्य काहीही म्हणो. काढून टाकण्याचंही तेच: कलम ३३ प्रमाणे करारात अधिकार दिलेला असेल तर बहुमतानं, प्रामाणिक हेतूनं, एखाद्याला काढता येतं, दोघांत बहुमत कुठून आणणार? म्हणून दोघे असाल तर हे लिहा:

‘कोणत्याही कारणाने फर्म संपुष्टात आल्यास, चालू स्थितीतील धंदा, ग्राहकांची व पुरवठादारांची यादी, येणी व देणी यांसह भागीदार क्र. १ यांच्याकडे राहील. भागीदार क्र. २ यांना अथवा त्यांच्या वारसांना त्यांच्या भांडवली खात्यावरील शिल्लक व परिशिष्टातील सूत्राप्रमाणे गुडविलमधील हिस्सा बारा समान मासिक हप्त्यांत देण्यात येईल.’

गुडविलचा उल्लेख टाळून ते वाचवता येईल असं वाटत असेल तर तसं होत नाही. मुंबईतल्या कापसाच्या व्यवहारातल्या एका फर्मचं प्रकरण १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाली काढलं. भागीदार वारला, डीडमध्ये गुडविलबद्दल सोय नव्हती, बाकीचे धंदा पुढे चालवत राहिले. वारसांना गुडविलमधला वाटा द्यावाच लागेल, असं न्यायालयानं म्हटलं. शिवाय हिशेब लटकता ठेवून धंदा चालू ठेवला, तर गेलेल्याच्या बाजूला कलम ३७ प्रमाणे निवड मिळते: त्याच्या पैशामुळे झालेला नफा, किंवा वर्षाला सहा टक्के व्याज. जास्त असेल तेच कोणीही मागेल.

बाहेर पडलेल्यानं लगेच शेजारी तसाच मसाला सुरू करू नये, असं वाटत असेल तर ठरावीक काळ आणि ठरावीक भाग लिहा. दोन वर्षं आणि तीन जिल्हे हे वाजवी दिसतं. ‘आजन्म, संपूर्ण भारतात’ लिहिलंत तर ते कोर्टात टिकायचं नाही.

भांडण झाल्यास लवाद नेमायचं कलम घाला आणि बैठकीचं गावही लिहा. ‘त्यानं अफरातफर केली’ असा साधा आरोप केला म्हणून लवादाचं कलम आपोआप निकामी होत नाही. तमिळनाडूतल्या एका हॉटेलवरून वडिलांच्या पश्चात भावाभावांत झालेल्या वादात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं.

पायरी ८ : नोंदणी आणि क्रम

नोटरी झाली म्हणजे नोंदणी झाली, असं समजू नका. नोंदणी भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे, म्हणजे रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे होते. ती सक्तीची नाही, पण कलम ६९ वाचलं की ऐच्छिकही वाटत नाही. नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून येणारी उधारी बाहेरच्याकडून दावा लावून वसूल करता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे भागीदाराला भागीदाराविरुद्धही डीडमधल्या हक्कांसाठी दावा लावता येत नाही. वर घासूनपुसून लिहिलेली सगळी कलमं मग कपाटात. फर्म मोडून हिशेब मागण्यापुरता रस्ता खुला असतो; महाराष्ट्रानं १९८४ च्या दुरुस्तीनं तोही बंद केला होता, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती तरतूद घटनाबाह्य ठरवली.

मुद्रांक शुल्क भांडवलावरून ठरतं आणि दर बदलत असतात, तेव्हा नेटवरच्या जुन्या नमुन्यावरचा आकडा धरू नका. फर्मला नवा पॅन, नवा जीएसटी क्रमांक, नवा अन्न परवाना, नवी उद्यम नोंदणी लागते. जुन्या खात्यातली इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, नव्यात न्यायची तर फॉर्म आयटीसी-०२. जुना क्रमांक त्याआधी रद्द करू नका.

क्रम असा ठेवा: ट्रेडमार्कचा अर्ज, जागा-यंत्रांचे भाडेकरार, डीड, पॅन, नोंदणीचा अर्ज, बँक खातं, जीएसटी आणि अन्न परवाना, पुरवठादारांना पत्र. दाजींचे पैसे फर्मच्या खात्यातच येऊ द्या, ताईंच्या बचत खात्यात नको, रोख तर नकोच. आणि डीडवर सह्या होण्याआधी एक रुपयाही वापरू नका. भागीदारी तोंडी बोलण्यानं, वागण्यानंसुद्धा सुरू होते; त्या पैशातून मिरचीचं पहिलं पोतं आलं की समान वाट्याची, पगार नसलेली भागीदारी कायद्याच्या नजरेत उभी राहू शकते. फर्मचं खातं उघडेपर्यंत सहा लाख दाजींच्या बँकेतच व्याज खाऊ द्यात.